चौथी दांडी

करीम मिस्त्रीकडं कुणी गाडी घेऊन आला आणि म्हणाला की हे काम कुणाकडंच होत नाही, तर मिस्त्री आधी चहा सांगायचा. चहा येईपर्यंत गाडीभोवती दोन फेऱ्या, खाली वाकून एक नजर, जिभेनं दाढ चोखणं, आणि शेवटचा घोट संपला की दोनच शब्द: "सोड हितं." पन्नास वर्षं नावडे फाट्यावर पान्यांशी झटापट केलेल्या या माणसाच्या तोंडून 'होत नाय' हे शब्द एकदाच बाहेर पडले, आणि तेही धडधडीत खोटे होते. समोरचा कुणी ऐरागैरा गिऱ्हाईक असता तर आपणही सोडून दिलं असतं. पण तो कमळाकर होता, म्हणून सगळं रामायण सांगावं लागतंय.

कमळाकर नावड्याचाच, आगरी. करीमही नावड्याचाच, कोकणी मुसलमान. दोघांची घरं एकाच तळ्याच्या दोन अंगांना. सातवीपर्यंत एका बाकावर बसले, सहावीत एकाच वर्षी नापास झाले, आणि मार खायला दोघं मिळून कमळाकरच्या घरी गेले, कारण करीमच्या बापाचा हात जास्त जड होता. पुढं करीम पनवेलला एका उस्तादाच्या हाताखाली इंजिनं खोलायला शिकला आणि कमळाकर बापाच्या शेतात उतरला. पण शुक्रवार काही सुटला नाही. शुक्रवारी गॅरेज बंद. जुम्म्याची नमाज आटपून करीम घरी आला की त्याची बायको सबिहा दोन ताटं वाढायची, एक नवऱ्याचं आणि एक कमळाकरचं. चाळीसेक वर्षांचा हा नेम. कालवणात जिताडा मासा असला तर त्याचं डोकं कुणी खायचं यावरून दोघांची हटकून जुंपायची. जिताड्याचं डोकं म्हणजे जावयाचा मान, आणि या घरात जावई म्हणवून घ्यायला हे दोघेच. आता दोघं सत्तरीला टेकलेत. तरी सोडत नाहीत. लाज म्हणून नाही!

आणि या दोघांत तिसरी ती गाडी. कमळाकरचे वडील हौसेराव यांनी त्र्याऐंशी साली सरकारी लिलावातून घेतलेली फोर-व्हील पिकअप. हिरवा रंग, चपटं नाक, मागं लाकडी फळ्यांचा हौदा. जिथं बैल बसकण मारायचे त्या चिखलातून ही गुरगुरत वर यायची. आणि मागं, नंबरप्लेटच्या खाली, एक पुली होती. इंजिनाची ताकद चाकांना न देता पट्ट्यानं बाहेर घ्यायची सोय. सगळे तिला पीटीओ म्हणत. त्या पुलीवर हौसेरावांनी मळणीयंत्र फिरवलं, पाण्याचा पंप चालवला, आणि एका वर्षी जत्रेत उसाचा चरक लावून रससुद्धा विकला. हौसेराव नावाप्रमाणेच होते हो. गाडी त्यांच्या नावावर, गाडी चालवणारा कमळाकर, आणि गाडीला हात लावायचा हक्क एकट्या करीमचा. पंक्चरसुद्धा दुसऱ्यानं काढलेलं त्याला खपायचं नाही.

एवढी गुणाची बाय, पण हायवेला लागली की तिची अब्रू जायची. तिचे गिअर चिखलासाठी घडवलेले. पंचेचाळीस-पन्नासच्या वर काटा गेला की इंजिन असं किंचाळायचं की आत बसलेल्यांना खुणांनी बोलावं लागे. हा आवाज करीमच्या कानात इतका बसला होता की दोन वळणं अलीकडून तो ओळखायचा. शुक्रवारी दारात उभं राहून कान द्यायचा आणि आत सांगायचा, "वाढ गं, कमळ्या आला."

पुढं काय झालं ते नावड्यापासून बोनकोड्यापर्यंत सगळ्या गावांत झालं तेच. सिडकोनं जमिनी घेतल्या, त्याबदल्यात साडेबारा टक्क्यांच्या हिशेबानं प्लॉट परत मिळाला, त्यावर बिल्डिंग उभी राहिली. कमळाकर चार मजल्यांचा मालक झाला. लोकांना वाटायचं, काय नशीब काढलंय! आणि हा नशीबवान माणूस सकाळी उठून काय करायचा, तर टाकीच्या मोटरचं बटन दाबायचा. टाकी भरली की परत दाबायचा. मधल्या वेळात भाडेकरूंच्या तक्रारी ऐकायचा. ज्या हातानं आयुष्यभर शेताचं पाणी फिरवलं त्या हाताला एवढंच काम उरलं होतं. त्याची बायको, नाव पुतळा, म्हणायची, ह्यानला भात लावाला जागा नाय म्हणून गॅलरीतल्या कुंड्यांना बांध घालतात. खोटं वाटेल, पण खरंच घालायचा.

माणगावच्या पुढं, रस्त्यापासून आत, त्यानं काही वर्षांपूर्वी चार एकर घेऊन ठेवले होते. गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी, जेवता जेवता, त्यानं जाहीर केलं की आता तिकडंच राहायला जाणार. पुतळाही तयार आहे. राब भाजायच्या, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजून घ्यायच्या, आत तिथं पोचायचंय, म्हणजे यंदाचं भात आपल्या हातचं. करीमचा घास हातातच राहिला. मग त्यानं विचारलं, गाडीचं काय?

"गाडीबिगर मी जानार नाय," कमळाकर म्हणाला. "हिला हायवेवर पळती कर. पळली तर जातो, नाय तर बसतो हितंच बटन दाबीत."

आणि त्यानं खिशातून मोबाइल काढून फोटो दाखवला. त्याचा मुलगा तेजस पुण्याला असतो. त्यानं इंटरनेटवर शोधून परदेशातून एक ओव्हरड्राइव्ह मागवला होता. ओव्हरड्राइव्ह म्हणजे काय, तर गिअरबॉक्सच्या मागं आणखी एक छोटा गिअरबॉक्स. सायकलच्या मागच्या चाकाला लहान चक्री लावली की एका पायडलात जास्त अंतर जातं, तसंच. इंजिन तेवढंच फिरतं, चाकं जास्त फिरतात. किंचाळणं थांबतं, वेग वाढतो. गाडीत आधीच तीन दांड्या होत्या: एक गिअरची, एक फोर-व्हीलची, एक जास्त-कमी ताकदीची. त्यात ही चौथी येणार होती.

करीमनं फोटो पाहिला आणि सांगितलं, बसवू की. दुसरं काय सांगणार? पण त्या दिवशी जिताड्याचं डोकं कमळाकरनं खाल्लं आणि करीमच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

पेटी आली. भुशात बसवलेलं लोखंड, त्याबरोबर एक पुस्तिका, पुस्तिकेत बाणांची चित्रं. सोमवारी कमळाकर गाडी गॅरेजात लावून गेला. बसू का म्हणत होता, करीमनं हाकलला. मालक समोर बसला की पाना घसरतो, हे त्याचं जुनं तत्त्व. मग तो एकटाच गाडीखाली शिरला. पाठीखाली पोतं, छातीवर बॅटरी. गुडघे कुरकुरले, पण हात बरोबर जागेवर गेले. या गाडीचा प्रत्येक बोल्ट त्याला अंधारातही सापडला असता.

ओव्हरड्राइव्ह बसतो कुठं, तर बरोबर पीटीओच्या जागी. म्हणजे आधी ती पुली आणि तिला फिरवणारा लांब शाफ्ट उतरवायचा, शाफ्टच्या मुळाशी असलेलं झाकण काढायचं, आणि त्या भोकातून फोर-व्हीलच्या डब्यात, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना वाटणाऱ्या पेटीत, हात घालायचा. आत दोन गिअर एकमेकांच्या दात्यांत दाते घालून फिरत असतात. पहिला काढायचा, त्याच्या जागी ओव्हरड्राइव्ह स्वतःचा नवा गिअर घेऊन येतो आणि डब्यातल्या दुसऱ्याशी जोडी जमवतो. पुस्तिकेत तर हे चार चित्रांत उरकलं होतं.

करीमनं पहिला गिअर बाहेर काढला, फडक्यानं पुसला आणि ओव्हरड्राइव्हच्या गिअरशेजारी धरला. दाते वेगळे. नव्याचे जाड, जुन्याचे बारीक. त्यानं खडूनं खूण करून दोनदा मोजले. परदेशातल्यांनी चूक केली म्हणून तो आधी मनातल्या मनात त्यांच्यावर तोंडसुख घेत होता. मग एकदम त्याला आठवलं की चूक त्यांची नव्हे. हा गिअर या गाडीचा नव्हताच. तो त्यानंच घातला होता.

सत्त्याऐंशीचा भाद्रपद. उधाणाच्या पाण्यानं खाडीच्या बांधाला खांड पडली. भात पोटरीत होतं आणि खारं पाणी खाचरांत शिरलं. खारं पाणी शेतात दोन दिवस बसलं की ते वर्ष तर गेलंच, पुढची दोनही जातात. सगळं गाव बांधावर धावलं. बांबू, पेंढा, चिखल, घरातले दरवाजेसुद्धा, जे सापडेल ते खांडीत टाकून ती बुजवली. पण आत आलेलं पाणी बाहेर कसं काढायचं? हौसेरावांनी पिकअप बांधावर चढवली, पुलीला पंपाचा पट्टा लावला आणि पाणी उपसायला सुरुवात केली. सकाळीच खाडकन आवाज झाला. डब्यातल्या पहिल्या गिअरचे दाते गेले. पंप थांबला आणि हौसेराव तिथंच चिखलात डोकं धरून बसले.

तेव्हा करीम आणि कमळाकर तिशीत होते. दोघं एका सायकलवर पनवेलच्या भंगारवाल्याकडं गेले. या गाडीचा गिअर मिळाला नाही. पण एक लष्करी जीप पडली होती, तिचा मिळाला. तिचे दाते बारीक, म्हणून एकटा घेऊन उपयोग नव्हता, अख्खी जोडीच काढावी लागली. भंगारवाल्याच्याच छिन्नीनं काढली, पोत्यात घातली, आणि येताना कमळाकर पायडल मारीत, करीम मागं पोतं मांडीवर घेऊन. बांधावरच, चिखलात, ताडपत्रीवर डबा उतरवून त्यानं जोडी बसवली. सूर्य बुडायच्या आत पंप सुरू झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी खाचरांतून पाणी उतरलं आणि भाताचे शेंडे वर आले. चौदा घरांचं पीक वाचलं. त्या संध्याकाळी कमळाकरच्या आईनं करीमला अंगणात बसवून तोंड धुवायला गरम पाणी दिलं होतं, आणि चिखल इतका वाळला होता की हसताना गाल ओढत होते. गाडीची मूळ जोडी सुटली होती. त्यातला एक मोडला, दुसरा धडधाकट. तो वाया कशाला घालवायचा म्हणून त्या घरातल्या डालड्याच्या रिकाम्या डब्यात ग्रीसमध्ये बुडवून करीमच्या फळीवर ठेवला गेला.

भंगारातली जोडी सदतीस वर्षं टिकली. इतकी टिकली की आपण ती घातली होती हेच घालणारा विसरला.

करीम गाडीखालून बाहेर आला आणि पोत्यावर बसून राहिला. ओव्हरड्राइव्ह मूळ गाडीच्या मापाचा होता. त्याला जोडी लागत होती ती मूळ गिअरची. आणि तो मूळ गिअर त्याच्या डोक्यावर, फळीवर, डब्यात होता. डबा उतरवायचा, फोर-व्हीलचा डबा खाली घ्यायचा, आता या वयात दोन दिवसांचं काम. मग गाडी पळेल. पळाली की कमळाकर जाईल. मग शुक्रवारी एकच ताट. नाही उतरवला तर? तर दाते जुळत नाहीत, आणि हे काही खोटं नाही. माणूस स्वतःला फसवायला बसला की किती हुशार होतो बघा.

त्यानं फळीकडं एकदा पाहिलं, मग नाही पाहिलं.

संध्याकाळी कमळाकर आला. करीम पाने पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "कमळ्या, होत नाय. दाते जुळत नाय. आतला गिअर वेगळा हाय."

कमळाकरनं वर पत्र्याकडं बघितलं, करीमकडं बघितलं. मग म्हणाला, "बरं. तू म्हनतोस तर नसंल होत." आणि चालत घरी गेला. गाडी तिथंच राहिली.

करीमला वाटलं होतं, सुटलो. मंगळवारी त्यानं गुणगुणत दोन टेम्पोंचे ब्रेक केले. बुधवारी गुणगुणणं थांबलं. गुरुवारी कमळाकर फाट्यावरून जाताना दिसला, पण टपरीवर थांबला नाही. आणि शुक्रवारी तो जेवायला आला नाही. सबिहानं वाढलेलं ताट झाकून ठेवलं, चारला उघडलं, परत झाकलं. लग्नाला, मयताला, ताप आला तरी न चुकलेला माणूस. काय झालं म्हणून तिनं नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, काही नाही, कामं असतील त्याला. सबिहानं त्याच्याकडं असं पाहिलं की त्याला पाणी प्यावंसं वाटलं.

शनिवारी पुतळा गॅरेजात आली. इतक्या वर्षांत तिनं गॅरेजची पायरी चढली नव्हती. तेलकट जागा, म्हणून बाहेरूनच हाक मारायची. आज आत आली आणि टायरवर बसली. करीमनं स्टूल पुढं केलं, तिनं घेतलं नाही. म्हणाली की टेम्पो ठरलाय, मंगळवारी जातोय. आणि ही गाडी भंगारात द्यायला सांगितलीय त्यांनी.

करीम गडबडला. गाडीशिवाय जाणार नाही, असं म्हणाला होता की तो!

"ते म्हनतात ते खरं मानाला कवापासून लागलास, करीमभाव?" पुतळा म्हणाली.

मग ती बोलत राहिली. घरात माणूस बोलत नाही, जेवत नाही धड. जायचं तर ठरलेलंच होतं, बियाणं आणून ठेवलंय, घराला कौलं घातलीत. तेजस नवी गाडी घेऊन देतो म्हणत होता, एसीवाली, दोन तासांत माणगाव. नको म्हणाले. का, तर नव्या गाडीला करीम हात लावणार नाही, ती कंपनीत जाईल. मग करीमकडं यायला निमित्त काय? तो हायवे त्या जुन्या गाडीत एकदा जाताना सोसेल. सामान घालून, हळूहळू, थांबत थांबत. पण दर आठवड्याला चार तास यायचं आणि चार तास जायचं त्या किंचाळण्यात, या वयात, त्या पाठीनं?

"यो डबा जावाला नव्हता बसवीत ते," पुतळा म्हणाली. "जावाला काय, बैलगारीन पन जाता येतं. येवाला बसवीत व्हते. शुक्कारच्या शुक्कारी."

करीमनं हातातलं फडकं घडी केलं, उलगडलं, परत घडी केलं. पुतळा उठली, गाडीच्या हौद्यावर हात फिरवला आणि निघाली. जाताना म्हणाली की भंगारवाल्याला बोलवायचं काम तुझ्याकडंच दिलंय, त्यांना जमणार नाही.

ती दिसेनाशी होईपर्यंत करीम थांबला. मग त्यानं शटर निम्मं खाली ओढलं, स्टूलवर चढला आणि फळीवरून डालड्याचा डबा उतरवला. झाकण गंजून बसलं होतं, छिन्नीनं उचकटावं लागलं. ग्रीस काळं, कडक. त्यानं बोटं खुपसली आणि गिअर वर ओढला, रॉकेलमध्ये धुतला. एकही डाग नव्हता त्याच्यावर. ओव्हरड्राइव्हच्या दात्यांत त्यानं तो हातानंच फिरवून पाहिला. दात्यात दाता असा बसला की आवाजसुद्धा झाला नाही. करीम तिथं एकटाच होता, म्हणून त्यानं स्वतःला एक अस्सल शिवी दिली. ती इथं लिहिण्यासारखी नाही.

दोन दिवस तो गाडीखालून बाहेर आला तो फक्त नमाजेला आणि चहाला. जेवण सबिहा डब्यात घेऊन आली आणि टायरवर बसून तिनं त्याला बळजबरीनं खायला लावलं. तिला त्यानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला सांगून काय उपयोग, ज्याला सांगायचं त्याला सांग. फोर-व्हीलचा डबा खाली घेतला, गिअर बदलला, ओव्हरड्राइव्ह बसवला, चौथ्या दांडीसाठी तळाच्या पत्र्याला भोक पाडलं. पुस्तिकेत सांगितलं होतं त्याहून एक कागदाएवढी पातळ चकती त्यानं जास्त घातली, कारण हाताला फट लागत होती आणि पुस्तिकेला हात नसतात.

सोमवारी दुपारी तो स्वतः गाडी घेऊन कमळाकरच्या बिल्डिंगखाली गेला आणि हॉर्न दिला. कमळाकर खाली आला. करीम बाजूच्या सीटवर सरकला आणि म्हणाला, "बस. चालव."

कळंबोलीच्या पुढं रस्ता मोकळा झाला. काटा पंचेचाळीसवर गेला, इंजिन नेहमीसारखं ओरडायला लागलं. करीमनं सांगितलं, क्लच दाब, चौथी दांडी मागं ओढ. कमळाकरनं ओढली. आणि इंजिनाचा आवाज खाली खाली जात एकदम समजूतदार झाला. काटा मात्र वर निघाला. पंचावन्न. साठ. पासष्ट. खिडकीतून वारा यायला लागला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या गाडीत दोघांना एकमेकांचा श्वास ऐकू येत होता. कमळाकरनं विचारलं, दाते कसे जुळले रे? करीम खिडकीबाहेर बघत म्हणाला, बघितलं काहीतरी. सांगायचं होतं त्याला. पण तो खिडकीची काच वर-खाली करत राहिला. कमळाकर फक्त "हं" म्हणाला.

मंगळवारी सकाळी ते गेले. उतरवलेली पुली करीमनं तेल लावून, गोणपाटात गुंडाळून हौद्यात ठेवली. मळणीच्या वेळी लागेल, तेव्हा बोलाव, येऊन बदलून देतो, एवढंच बोलला. पुतळानं पदरानं डोळे पुसले, सबिहानं सांदणांचा डबा दिला, आणि गाडी फाट्यावरून वळली. करीमनं सवयीनं कान दिला. दुसऱ्या वळणापर्यंत आवाज यायचा, तो पहिल्या वळणावरच संपला. आपल्याच हातानं आपण ती मुकी केली, असं त्याला वाटलं. त्या दिवशी त्यानं गॅरेज उघडलं नाही.

शुक्रवारी सबिहानं सकाळीच जिताडा आणला. करीम म्हणाला, एवढा मोठा कशाला, तीन दिवस झाले जाऊन, शेतात शंभर कामं, लगेच कुठं येतोय तो! सबिहानं नारळ फोडला. नमाज झाली. दोन वाजले. करीम दारात उभा राहून फाट्याकडं कान लावून होता. डंपर गेले, रिक्षा गेल्या, कुणाच्या तरी बुलेटनं धडधड केली. ते ओळखीचं किंचाळणं काही आलं नाही. अडीच वाजले. हायवे तो, काय भरवसा? पावणेतीनला तो आत आला आणि म्हणाला, झाक ताट. नाही आला.

"मंग मी कोन हाय?" दारातून आवाज आला. कमळाकर चपला काढत होता. पायाला मळ्याची लाल माती. त्याच्या पाठीमागं, अंगणाच्या कडेला, हिरवी पिकअप उभी होती. करीमला तिची चाहूलसुद्धा लागली नव्हती. तो त्या गाडीकडं बघतच राहिला. कमळाकर म्हणाला की कोलाडला चहाला थांबलो म्हणून उशीर झाला, नाहीतर दोनलाच आलो असतो, आणि हात धुवायला मागं गेला. घरचाच माणूस.

दोघं बसले. सबिहानं वाढलं. कालवणात जिताड्याचं डोकं वर दिसत होतं आणि कुणीच त्यावर हक्क सांगेना. कमळाकर विहिरीच्या पाण्याबद्दल बोलला, डुकरांबद्दल बोलला. करीम भात कालवत राहिला. शेवटी त्याच्यानं राहवेना.

"कमळ्या, त्या दिवशी होत नाय म्हनालो ना, ते खोटं होतं. मूळचा गिअर होता माज्याकडं."

कमळाकरनं तोंडातला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "ठाऊक हाय," तो म्हणाला. "डालड्याचा डबा आमचे आयचा. ग्रीस मी भरलेला. फळीवर पन मीच ठेवला, तुझा हात पोचत नव्हता म्हनून."

करीम भात कालवायचा थांबला. "मग तवाच बोललास का नाय?"

कमळाकरनं भाताचा घास केला, पण उचलला नाही. तसाच ताटात दाबत राहिला.

"मला वाटलं," तो म्हणाला, "तुला मी परत येवालाच नको."

सबिहा उठून आत गेली. करीमनं भांड्यातून जिताड्याचं डोकं काढलं, कमळाकरच्या ताटात ठेवलं आणि वरून रस्सा घातला. कमळाकरनं ते खाल्लं. त्या दिवशी त्या डोक्यावरून भांडण झालं नाही.